वाळूवाल्याचं इंजिन

"इंजिन तापून काटा लाल घरात गेला तेव्हा तुझे डोळे कुठे गहाण पडले होते?" आईने विचारलं.

मुलगा मान खाली घालून उभा होता. ट्रकचं इंजिन बाहेर काढून घोडीवर ठेवलं होतं आणि गॅरेजमधली माणसं पाने हातात धरून नुसती ऐकत होती. तिला त्याचीच शरम वाटत होती. आणि शरम वाटली की तिच्या जिभेला धार चढायची.

"माल वेळेवर पोचवायचा होता, आई."

"पोचला ना माल? मग ट्रकही पोचला, दुसऱ्याच्या गाडीला दोरानं बांधून. सगळा रस्ता बघत होता. मी पदरात तोंड लपवून आले."

नवरा दाराशी उभा होता. पाठ गेली तसं त्याने स्टिअरिंग पोराच्या हाती दिलं. एरवी पोरावर खेकसायला तोच पहिला. आज मिठाची गुळणी धरल्यासारखा गप्प. पोराने बापाला खाली बघायला लावलं, तिच्या मनात आलं.

मेस्त्रीने चिंधीला हात पुसले. "काकू, हेच खोलून बांधता येईल, पिस्टन-लायनर नवे टाकून. पण ब्लॉकला तडा गेलाय. वेल्डिंग मारीन, जबाबदारी घेणार नाही. नाहीतर कंपनीतून नवं मागवा. ते येईपर्यंत ट्रक उभा. नाहीतर वाळूवाल्याचं आहे. त्याची गाडी मोडीत निघाली, इंजिन मी ठेवून घेतलं. तुमच्याच जातीचं, अजून दमदार."

"वाळूवाल्याचं नको," नवरा दारातूनच म्हणाला. "नवं मागवा."

"ऐकलंस?" ती मुलाकडे वळली. "लोकांनी उतरवलेली चिंधीसुद्धा यांनी कधी उंबऱ्याच्या आत घेतली नाही. तुझ्यामुळे आता हेही."

"बाबांच्या हातात कधी बंद पडलं नाही," मुलगा पुटपुटला. "माझ्याच हाताला गुण नाही."

"त्याला बोलू नकोस," नवरा म्हणाला.

"मग काय आरती ओवाळू? आणि नवं येईपर्यंत खायचं काय, वारा? दाखवा हो मेस्त्री ते इंजिन."

मेस्त्रीने त्यांना मागच्या शेडमध्ये नेऊन ताडपत्री ओढली. नवरा शेडच्याही दारातच थांबला. "वाळूवाल्यानं पोटच्या पोरासारखं जपलंय. हे तेल बघा." त्याने तेल मोजायची पट्टी उपसून तिच्यापुढे धरली.

तिने तेल बघितलंच नाही. पट्टीच्या वरच्या टोकाला पितळी मूठ होती, वेलबुट्टीची. तिच्या माहेरच्या पळीची. ट्रक नवा होता तेव्हा पट्टीची कडी तुटली, आणि नवऱ्याने तिला न विचारता पळी कापून ती मूठ तिथे डाग देऊन बसवली होती. महिनाभर ती त्याच्याशी बोलली नव्हती.

"हे तर आमचं इंजिन," ती म्हणाली.

तिने मुलाकडे पाहिलं. तो तिच्याइतकाच चक्रावला होता. मग ती दाराकडे वळली.

"अहो, मग इतकी वर्षं हा पोरगा चालवत काय होता?"

"भंगारातलं," नवरा म्हणाला. त्याने मान वर केली नाही. "तुला घरावर मजला हवा होता. जावेच्या घरापेक्षा वीतभर उंच."