चौथ्या मजल्यावरची धीट मुलगी

हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला तशी यारिनाने हातातली पिशवी टाकली आणि दाराकडे धाव घेतली. कडीला हात लागला आणि ती थांबली. मागे बोग्दाना खिडकीपाशी उभी राहून यारिनाच्या स्वेटरांच्या घड्या घालत होती. फुटलेल्या काचेच्या जागी प्लायवूड ठोकलं होतं, उरलेल्या अर्ध्या काचेतून ऊन येत होतं. बोग्दानाचे हात जरासुद्धा अडखळले नव्हते.

"पळ तू," ती म्हणाली. "बाकीचं मी भरते."

यारिना पळाली नाही. आज तिचा या खोलीतला शेवटचा दिवस होता. पोल्ताव्हाहून बाबा गाडी घेऊन आले होते आणि भोंगा झाल्यामुळे खाली तळघरात अडकले होते. फोन वाजलाच.

"कुठे आहेस तू? ही दारावरची राइसामावशी मला वर सोडत नाहीये!"

"येते बाबा. आलेच." तिने फोन ठेवला आणि ती कॉटवर बसली.

खार्किवच्या त्या वसतिगृहात यारिनाची भीती सगळ्यांच्या ओळखीची होती. फार्मसीचं दुसरं वर्ष. प्रयोगशाळेत तिच्या हातून काचेची भांडी निसटायची. केस पुंजक्यांनी गळत होते. ती बूट घालूनच झोपायची. भोंगा नसतानाही मोटारसायकलच्या आवाजाने जिन्यापर्यंत पोचायची. मुलं तिला ससा म्हणत. "ससा निघाला रे, चला आपणही निघू," असं म्हणत तिच्या मागून उतरत.

आणि बोग्दानाला म्हणत जनरल. ती कधीच खाली उतरत नसे. वर स्फोटांनी भिंती हादरत असताना ती बटाटे सोलायची, केस धुवायची. सगळे परत वर येईपर्यंत चहा तयार असायचा.

"जनरल, आज काय हुकूम?"

"कांदा चिरा. आणि रडलात तर कांद्यामुळे, असं सांगा."

तिची आई युद्धाच्या पहिल्याच वसंतात इझूममध्ये घरावर तोफगोळा पडून गेली. आईला पुरून बोग्दाना परत आली ती थेट वर्गात जाऊन बसली. त्या वर्षी तिचा पहिला नंबर आला. प्राचार्यांनी भर सभेत तिला उभं केलं. "हिच्याकडे बघा," ते म्हणाले. सगळ्यांनी बघितलं.

यारिनाला तिनेच हाताला धरून समुपदेशक बाईंकडे नेलं होतं. अख्ख्या कॉलेजला एकच तामिलाबाई. तळघरात बॉयलरशेजारी त्यांची खोली, आणि बाहेर बाकावर कायम रांग. यारिना आत रडत असताना बोग्दाना तिच्यासाठी पाण्याची बाटली घेऊन उभी राहायची. "तुझ्यासारख्या अजून दोघी असत्या ना, तर मला जरा श्वास घेता आला असता," तामिलाबाई एकदा बोग्दानाला म्हणाल्या होत्या. मग पुढच्या मुलाला त्यांनी आत बोलावलं होतं. यारिनाच्या बाबांना फोनही त्यांनीच केला. मुलीला इथून न्या, म्हणाल्या.

"माझा तो जाड कोट पण टाकलाय हं पिशवीत," बोग्दाना आता म्हणाली. "तुला बरोबर बसतो."

"आणि तू काय घालशील थंडीत?"

"बघू."

लांबून धप्प आवाज आला. प्लायवूड खडखडलं. यारिनाने दोन्ही हातांनी कॉटची कड घट्ट धरली.

"बोग्दा, जायच्या आधी मला शिकव ना. घाबरायचं नाही म्हणजे काय करायचं?"

"काही करायचं नसतं गं. नुसतं बसायचं."

बोग्दाना तिच्याशेजारी येऊन बसली. तिने तिचा हात हातात घेतला. दुसरा स्फोट जवळ झाला. छताची माती दोघींच्या केसांत पडली. यारिनाचे दात वाजत होते. तिने बोग्दानाकडे बघितलं. बोग्दानाने डोळे मिटले होते. चेहरा इतका शांत, की तिच्याकडे बघून यारिनालाही क्षणभर बरं वाटलं. हिच्यासारखं आपल्याला कधीच जमणार नाही, तिला वाटलं.

मग काहीच झालं नाही. बराच वेळ काही झालं नाही. खाली रस्त्यावरचा कर्णा खरखरला. धोका टळला आहे, असं तो पुन्हा पुन्हा सांगू लागला.

यारिना उडी मारून उठली. ती हसत होती आणि नाकातून पाणी वाहत होतं. "बसले! बोग्दा, मी वर बसले! ससा वर बसला!"

ती वळली. बोग्दाना कॉटवर तशीच होती, पण खांदे गळून गेले होते. डोळे उघडे होते आणि त्यांतून आवाज न करता पाणी गळत होतं. यारिना हे पहिल्यांदाच बघत होती. या वेळी ती आजवर नेहमी तळघरात असे.

जिन्यावर बाबांचे जड बूट वाजले. "चल गं पोरी! पुन्हा वाजायच्या आत गावाबाहेर पडू!"

यारिना बोग्दानासमोर गुडघ्यांवर बसली. काय बोलावं ते तिला सुचेना. "अगं, रडतेस काय?" ती म्हणाली. "टळला ना धोका!"

"तुझा टळला," बोग्दाना म्हणाली. "माझं आईकडे जाणं आजही राहून गेलं."