बर्फातला थांबा

नांदूरघाटच्या महिला दूध संस्थेच्या चेअरमन सत्यभामाबाई डेन्मार्कला गेल्या, तेव्हा गावाकडं दुसऱ्या वर्षीही पाऊस नव्हता. तरी त्यांनी संस्थेचं दूध संकलन एक दिवसही बंद पडू दिलं नव्हतं, म्हणूनच दौऱ्यासाठी त्यांची निवड झाली होती.

गोठे पाहायला सगळे मोटारीनं निघाले. बाई म्हणाल्या, "मी बसनं येते. आता मला जमतंय."

संस्थेचा सेक्रेटरी बद्रीनाथ घाबरला. "बाई, चुकलात म्हंजी?"

"चुकले तर इचारीन की!"

बाहेर बर्फ पडत होता. स्वतःचं तिकीट स्वतः काढून बाई ताठ मानेनं खिडकीशी बसल्या. गावातली एकही बाई इतक्या लांब एकटी फिरली नव्हती. बसमधला आवाज प्रत्येक थांब्याचं नाव आधी सांगत होता. त्यांना एकही कळत नव्हतं.

मग तोच आवाज म्हणाला, "नांदूरघाट."

बाईंनी चमकून आजूबाजूला पाहिलं. कुणालाच नवल वाटलं नव्हतं. दोघंतिघं पिशव्या उचलून दाराकडं निघाले.

शेजारची गोरी म्हातारी त्यांच्याकडं वळली.

"उतरा की, बाई," ती म्हणाली. "लई वाट बघायलेत तुमची."

बस थांबली. दार उघडलं, आणि तापलेल्या धुळीचा झोत आत आला.