सयाजीचा शब्द

रुपाली महाळुंगे पडवळ गावात पोचली तेव्हा सयाजीला आंघोळ घालून अंगणात ठेवलं होतं. तिरडीचे बांबू आले होते. बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. जीपवरचं विद्यापीठाचं नाव वाचून पुरुषांमधलं बोलणं थांबलं.

"हिला कुणी बोलावलं?" सयाजीचा मुलगा सुदर्शन उठून उभा राहिला.

रुपाली पुण्याला विद्यापीठाच्या मेंदूच्या प्रयोगशाळेत संशोधन सहायक होती. विसरण्याचा आजार झालेल्या माणसांच्या घरी जायचं, आज वार कोणता, हे चित्र कशाचं, असलं विचारायचं आणि उत्तरं लिहून घ्यायची, हे तिचं काम. सयाजीकडे ती तीन वर्षं येत होती. आजार नवा होता तेव्हा त्यानंच सांगितलं होतं, "बटाटा आतून काळा पडला का आपण चिरून बघतो. तसं मी गेलो का माझं डोकं बघा." पण आता घरच्यांनी हो म्हटल्याशिवाय काही करता येत नव्हतं. आणि उशीर झाला की मेंदू उपयोगाचा राहत नाही.

"दादा, बाबांची इच्छा होती," रुपाली म्हणाली. "चेहऱ्याला काही होत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर येऊन थांबलेत. दुपारपर्यंत त्यांना परत आणून सोडतो."

"परत म्हंजी? अर्धा बाप आणून देणार का?"

सुदर्शन दोन पावलं पुढं आला.

"तू मढ गावची ना? हिकडचीच हायेस. तुझा बाप असता तर दिलं असतंस?"

असल्या वेळी काय बोलायचं ते प्रयोगशाळेत शिकवलं होतं. रुपालीनं त्यातलं एकही वाक्य वापरलं नाही.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"मग जा."

रुपाली वळली. जीपपर्यंत गेलीही असती.

"मी बोलावलं तिला."

बायकांमधून कुशाबाई उठली होती. कपाळ पुसलेलं. बसून बसून पाय वळले होते, म्हणून तिनं भिंतीचा आधार घेतला.

"आई, तू बस."

"त्यांनी शब्द दिला व्हता. डोकं ताळ्यावर व्हतं तवा दिला व्हता. नंतर काय काय बोलले ते जाऊ दे. हा शब्द त्यांचा हाये."

"लोकं काय म्हणतील?"

"रातचं उठून पळायचे तवा आली व्हती का लोकं धरायला?" कुशाबाईनं अंगणभर नजर फिरवली. पुरुषांनी खाली बघितलं. "ही पोर तरी येत व्हती."

सुदर्शननं संमतीच्या कागदावर सही केली. मग पाठमोरा होऊन खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावला.

सयाजीला दवाखान्याच्या गाडीत ठेवलं. बायकांनी अडवलं तरी कुशाबाई मागोमाग चढली. दवाखान्यात बंद दाराबाहेरच्या बाकावर ती आणि रुपाली शेजारी शेजारी बसल्या. सुदर्शन आवारात लिंबाखाली उभा होता. थोड्या वेळानं आतून यंत्राचा आवाज यायला लागला. बारीक, सलग. तो ऐकू जाऊ नये म्हणून रुपाली काहीबाही बोलायला लागली. पाणी आणू का, आजी? सकाळची गोळी घेतली का? चहा तरी घ्या.

"ऐकू येतंय मला," कुशाबाई म्हणाली. "तू गप बस जरा."

आवाज थांबेपर्यंत कुशाबाई समोरच्या भिंतीकडं बघत राहिली. भिंतीवर बाळांच्या लशींचं चित्र होतं.

सयाजीला बाहेर आणलं तेव्हा डोक्याला पांढरं फडकं बांधून वर टोपी घातली होती. सुदर्शननं वाकून चेहरा न्याहाळला. कपाळ बघितलं, कान बघितले. मग त्यानं टोपी थोडी सरळ केली आणि पुढं ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला.

दोन गाड्या आवारात उभ्या होत्या. एक गावाकडं जाणार होती, एक पुण्याकडं. रुपाली मेंदूचा डबा घेऊन जीपकडं निघाली. कुशाबाई तिच्या वाटेत उभी होती.

"हेच का?"

"हो, आजी."

कुशाबाईनं झाकणावर हात ठेवला आणि लगेच उचलला.

"गार लागतंय."

"आत बर्फ आहे."

कुशाबाईनं पदराला हात पुसला. मागून सुदर्शननं हाक मारली. ती हलली नाही.

"मागल्या पंचमीपासून मला पावणी म्हणत व्हते," ती हळू आवाजात म्हणाली. "जेवायला वाढलं का हात जोडायचे. तुमचं लई उपकार झालं म्हणायचे." तिनं डब्याकडं बघितलं. "तुमी लई बारीक बघणार ना ह्याच्यात?"

"हो."

"मग मी कुठं सापडले तर कळव."

रुपालीच्या हातात डबा जड झाला होता. तो खाली ठेवता येत नव्हता.

"कळवते," ती म्हणाली.

कुशाबाई गाडीत चढली आणि सयाजीच्या पायांशी बसली. फाटकाबाहेरच्या खड्ड्यात गाडीला हिसका बसला, तसे तिनं ते दोन्ही पाय घट्ट धरले.