सरदारांचे संवाद

“कोण आहे? जरा उजेडात या,” सरदार उशीवरूनच म्हणाले.

दारातच घड्याळजींच्या अंगावर काटा आला. मागून येणाऱ्या शिंप्याला त्यांनी कोपरानं ढोसलं. “ऐकलंस? दुसरा सिनेमा. जिन्यावरचा प्रसंग.”

“जिन्यावरचा नाही, दिवाणखान्यातला.”

“तू आपली काजं कर बाबा. जिन्यावरचाच.”

“सांगितलं नव्हतं?” सरदारांची पुतणसून खुर्च्या पुढे ओढत म्हणाली. “आजारी पडल्यापासून हे असंच. दिवसभर सिनेमातलं बोलतात. आम्हाला मेलं काय कळतंय? तुम्हाला कळेल म्हणून तर बोलावलं.”

सरदार म्हणजे कोण, हे आता लोकांना सांगावं लागतं, हीच घड्याळजींची खंत होती. चाळीस वर्षांपूर्वी सरदारांनी भीतीचे नऊ सिनेमे केले. कधी शापित मालक, कधी तळघरात कोंडलेला वारस, कधी शवपेटीतून उठणारा धनी. टीकाकारांनी नाकं मुरडली, थिएटरं आठवड्यात ओस पडली. पण ज्यांना ते वेड लागलं त्यांना कायमचं लागलं. असे बाराजण दर महिन्याला शिंप्याच्या दुकानामागे पांढरं कापड ताणून तेच नऊ सिनेमे पाहत. घड्याळजींना सगळे तोंडपाठ होते. सरदारांनी मात्र स्वतःचा एकही सिनेमा कधी पाहिला नव्हता. खरा कलावंत मागे वळून बघत नाही, असं घड्याळजी छाती फुगवून सांगत.

बायको गेली, मूलबाळ नाही. म्हणून पुतण्या सहकुटुंब सरदारांच्या घरी राहायला आला आणि त्यांचा बिछाना वरच्या खोलीत गेला. मग डोक्यात रक्ताची गाठ झाली. सगळं पुसलं गेलंय, संवाद तेवढे उरलेत, असं डॉक्टर म्हणाल्याचं पुतणसून सांगे. या माणसाच्या जिवात जीव आहे तोवर त्याच्या भूमिका त्याच्यातून जाऊ द्यायच्या नाहीत, असं घड्याळजींनी मनाशी ठरवलं. दर रविवारी दुपारी दुकान बंद ठेवून ते शिंप्याला घेऊन येऊ लागले.

सरदार एक वाक्य म्हणत. हे दोघं सिनेमा ओळखत आणि पुढचं वाक्य देत.

“दार बाहेरून लावतात हो,” एका रविवारी सरदार म्हणाले.

“तिसरा. तळघर,” घड्याळजी म्हणाले. मूळ वाक्य ‘दार बाहेरून लावलंय’ असं होतं, पण एवढ्या आजारात एखादा शब्द इकडचा तिकडे व्हायचाच. त्यांनी जाड आवाज काढून पुढचं वाक्य दिलं, “किल्ली नदीत फेकली, धनी!”

शिंप्यानं टाळी दिली. पुतणसून दाराला टेकून कौतुकानं हसली. ती कधी खोली सोडून जात नसे. पाहुण्यांना एकटं टाकणं तिला बरं वाटत नसावं.

“दोन दिवस पोटात काही नाही,” असं सरदार म्हणाले तेव्हा मात्र वाद झाला. शिंपी म्हणे पाचवा सिनेमा, घड्याळजी म्हणत सहावा. दुकानामागे जाऊन दोघांनी रीळ लावून पाहिलं. वाक्य पाचव्यात ‘तीन दिवस’ असं होतं. पुढचा आठवडाभर शिंपी कॉलर ताठ करून फिरला.

सरदार वाळत चालले होते. गालफडं बसली, मनगटं काडीसारखी झाली. “आठव्या सिनेमात मेकअपला चार तास लागले होते,” शिंपी हळहळून म्हणाला, “आता बघ.” पडद्यावर विहिरीतून आल्यासारखा घुमणारा आवाजही पार बारीक झाला होता. आजारानं नेला, दुसरं काय. पण दोघांनी पुढचं वाक्य दिलं की सरदारांचे डोळे भरून यायचे. ते पाहून घड्याळजींना भरून यायचं. आपल्या हातून आयुष्यात एक तरी चांगलं काम होतंय, असं वाटायचं.

शेवटच्या रविवारी निघताना सरदारांनी घड्याळजींचं मनगट धरलं. त्या हातात इतका जोर असेल असं वाटलं नव्हतं.

“मला इथं टाकून जाऊ नका,” सरदार म्हणाले.

नववा सिनेमा, अखेरचा प्रसंग. त्या प्रसंगात तरुण डॉक्टर जे म्हणतो, तेच घड्याळजी अदबीनं म्हणाले, “सरदार, तुमची जागा इथंच आहे.” मग डॉक्टर करतो तसंच मनगट सोडवून घेतलं, पाठमोरे न होता मागे सरले आणि दार हळूच ओढून घेतलं.

गुरुवारी सरदार गेले.

शोकसभा शिंप्याच्या दुकानामागेच झाली. बाराजण होतेच, शिवाय मफलर गुंडाळलेला एक अनोळखी म्हातारा काठी टेकत आला होता. घड्याळजी बोलायला उभे राहिले. “सगळं विसरले, पण संवाद विसरले नाहीत,” ते म्हणाले. “शेवटच्या भेटीत माझा हात धरून मला म्हणाले...” ते वाक्य सांगताना त्यांना हुंदका आवरला नाही. बारा माणसं डोळे पुसत होती.

सभा संपल्यावर म्हातारा जवळ आला. “मला इथं टाकून जाऊ नका,” तो म्हणाला. आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमला. नऊ सिनेमांतला तोच आवाज. सगळे जागच्या जागी थबकले.

“सगळ्या सिनेमांना आवाज माझा,” तो म्हणाला. “कुठं बोलायचं नाही असा करार होता. आता कंपनी गेली, तोही गेला.”

“पण संवाद तर त्यांना शेवटपर्यंत पाठ होते,” घड्याळजी म्हणाले.

“कसले पाठ? ओठ हलण्याशी मतलब. कॅमेरा चालू झाला की तो एक ते वीस आकडे म्हणायचा. संवाद मागाहून लिहिले जायचे, स्टुडिओत मी म्हणायचो. सिनेमा तर त्यानं कधी पाहिलाच नाही. त्यातलं एक वाक्यसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं.”