चौघींची साक्ष

लातुरात एस्तेरबाई साळव्यांकडे क्लासच्या चार पोरी राहायच्या. चर्चमधल्या अभ्यासवर्गाची तयारी बाई जेवताना त्यांच्यापुढंच करायच्या.

"येशूची हकिकत चौघांनी लिहिली. त्या चार शुभवर्तमानांत बारीकसारीक फरक हायेत, म्हणूनच ती खरी. ठरवून लिहिली असती तर शब्द न् शब्द जुळला असता."

रविवारी पोरी टेस्ट बुडवून सिनेमाला गेल्या. घरी आल्यावर एकीनं सांगितलं, टेस्टला सर उशिरा आले. दुसरी म्हणाली, पंखा बंद होता. बाकी दोघींनीही आपापली भर घातली.

बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं.

"साक्ष चांगली हाय. आता पुढचा धडा. येशूच्या त्या साक्षीदारांचा छळ झाला, जीव गेला, पण एकानंही जबाब बदलला न्हाई. आठवडाभर चौघींचे मोबाईल माझ्याकडं द्या."

"पिक्चर लई बोर होता, मावशी," चौघींतली उमैमा लगेच म्हणाली.