वळणावरची हाक

धाकट्याची गाडी अंगणात येऊन उभी राहिली तरी कुणाला पत्ता नव्हता. आवाजच नाही! थोरला आपल्या जुन्या जीपखाली आडवा होऊन नट आवळत होता. नाकासमोर चार रुंद, कोरे टायर दिसले तेव्हा कुठे त्याला कळलं.

"दादा, बाहेर ये. बघ तरी!"

थोरला हात पुसत बाहेर आला. गाडी कसली, चाकांवरचा दिवाणखाना होता. धाकट्याने लगेच पाढा सुरू केला. चार चाकांना विजेच्या चार वेगळ्या मोटर. कमरेएवढ्या पाण्यातून जाते. उभ्या जागी गर्रकन फिरते. फिरवूनही दाखवली पठ्ठ्याने. अंगणातली माती उकरून निघाली.

"आणि दादा, सीट पाठ चेपून देते!"

"भांडी घासते का?" थोरल्याने विचारलं.

धाकटा मनापासून हसला. त्याला टोमणे कळतच नसत, आणि याचाही थोरल्याला राग यायचा.

आबा काठी टेकत पायरी उतरून आले. जन्मभर पाण्याचा टँकर चालवलेला माणूस. दोन वर्षांपासून नजर पार गेलेली. त्यांनी बॉनेटवरून सावकाश हात फिरवला. "काय गुळगुळीत आहे रे!" थोरल्याने आपल्या जीपकडे बघितलं. आबांना वीस वर्षं हवं तिथे नेऊन आणणाऱ्या जीपवरून असा हात एकदाही फिरला नव्हता.

"चढणीवर घे," आबा म्हणाले. "तिथे कळेल काय ते."

घरामागून टेकडीवरच्या टॉवरकडे जाणारी ती चढण म्हणजे नुसते सुटे दगड. तिथे जायची ती थोरल्याचीच जीप. "ही चढण माझ्या थोरल्याशिवाय कुणाच्या बापाला जमायची नाही," असं आबा येईल त्याला सांगत. धाकट्याकडे शिक्षण होतं, शहरात घर होतं, आता ही गाडी होती. थोरल्याकडे एक चढण होती. आणि आज आबांनी स्वतःच्या तोंडाने तीही धाकट्यापुढे ठेवली.

आबा पुढे बसले, थोरला मागे. अडकू दे, तो मनात म्हणत होता. एकदाच, पण चांगली अडकू दे. गाडी कसली अडकते! जिथे जीप दोनदा मागे घ्यावी लागायची तिथे ही लोण्यातून गेल्यासारखी गेली. धाकटा एका हाताने चालवत गप्पा मारत होता. थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

शेवटचं वळण अवघड होतं. तिथे गाडीचं तोंड आभाळाकडे होतं, चालवणाऱ्याला समोरचं काही दिसत नाही, आणि उजवीकडे दरी. म्हणून आबांच्या टँकरपासूनची रीत होती: जो चालवत नसेल त्याने "डावीकडे!" अशी हाक द्यायची.

"आता हाकबिक काही नको," धाकटा पडद्यावर बोट ठेवत म्हणाला. "बॉनेटखालचा रस्ता इथे दिसतो, बघ."

पडद्यावर कडेपर्यंत गवत होतं. ती कड खालून पोखरली आहे, वर गवत आणि खाली काही नाही, हे मंगळवारी येऊन गेलेल्या थोरल्याला ठाऊक होतं. कॅमेऱ्याला नव्हतं.

वळण आलं. न दिसताही आबांना ते कळलं. त्यांचा हात सवयीने वर गेला, दारावरची मूठ धरून थांबला. ते हाकेची वाट बघत होते. थोरल्याने तो हात बघितला. हाक त्याच्या घशापर्यंत आली होती. सांगू दे की त्याच्या पडद्याला, असं म्हणून त्याने ओठ घट्ट मिटले.

धाकट्याच्या बाजूची कड ढासळली. पुढचं चाक हवेत गेलं, गाडी कलली, दगड खडखडत खाली गेले. थोरल्याला समोर धाकट्याची मान दिसली आणि काचेपलीकडे थेट खालची घरं.

"छोट्या!" तो किंचाळला.

पण तोवर उरलेल्या तीन चाकांनी पकड घेतली होती. गाडीने स्वतःला ओढून वर घेतलं आणि टॉवरपाशी जाऊन ती शांतपणे उभी राहिली.

"बघितलंस, दादा? एक चाक हवेत, तरी ढिम्म!" धाकटा घामाने डबडबला होता, तरी हसत होता. भाऊ वाचला म्हणून थोरल्याला रडू येत होतं. आणि खोटं कशाला, ती गाडी वर आली म्हणूनही.

धाकटा चाक तपासायला वाकला तेव्हा आबा थोरल्याजवळ आले.

"वळणावर तू बोलला नाहीस."

"त्याचा तो पडदा होता ना, आबा..."

आबा वळले. गाडीला हात लावत लावत गेले, मागचं दार चाचपून उघडलं आणि आत बसले.

"उतरताना तू पुढे बस."

"अहो, पुढे तुम्हाला आराम..."

"बस म्हटलं ना."

थोरला पुढे बसला. सीट मुकाट्याने त्याची पाठ चेपू लागली. धाकट्याने गाडी वळवली आणि त्याच्याकडे बघून ओशाळं हसला. "दादा, ती जागा आली की सांग हं. पडद्यावर काही कळलं नाही बघ."

"सांगेल तो," मागून आबा म्हणाले. "आता कड त्याच्या बाजूला आहे."