पाण्यातलं फाटक

नाशिकजवळच्या त्या तळ्याला जाळीचं कुंपण घातलं गेलं, गावाला आत जायची बंदी झाली, त्याच उन्हाळ्यात नाथा गेला. जन्मभर काठावर गळ टाकून बसलेला माणूस. आजारपणात "एकदा पाण्यापाशी ने," एवढंच म्हणायचा. कुसाबाईनं नवऱ्याला रिक्षात घालून आणलंही होतं, पण फाटक कुणी उघडलं नाही.

गावकऱ्यांनी आवाज उठवला, तेव्हा कुठं वर्षानं तळं सगळ्यांना खुलं झालं. कुसाबाई नाथाचा गळ घेऊन आली आणि फाटकाच्या समोर, पलीकडच्या काठावर बसली.

"मावशी, बिनघोर मासे धरा. आता कुणी अडवायचं नाय," वॉचमन म्हणाला.

ऊन कललं होतं. निवांत पाण्यात समोरच्या फाटकाचं उलटं प्रतिबिंब पडलं होतं. कुसाबाईनं पाहिलं आणि तिच्या हातून गळ सुटला.

पाण्यातलं फाटक बंद होतं. जाळीत बोटं अडकवून नाथा बाहेर उभा होता.

तिनं मान वर केली. फाटक सताड उघडं होतं. तिथं कुणीच नव्हतं.

"अवो, उघडलंय आता! या ना आत!"

पाण्यातल्या नाथानं नुसतीच नकारार्थी मान हलवली.

कुसाबाई रडत पाण्यात उतरली, वाकली आणि त्या जाळीवर हात ठेवायला गेली. बोटांना थंडगार तार लागली.

मग पलीकडून कुणीतरी तिची बोटं हलकेच धरली.